मुरगावच्या कोळशाची गोष्ट आणि आपली मासळीची वही



मागच्या मासिक बैठकीत विषय होता बर्फाच्या वाढलेल्या दराचा, पण बोलणं जाऊन पोचलं कोळशावर. झालं असं, बैठक चालू असताना उधना-जळगाव लाइनवरून मालगाडी निघाली. कोळशाची होती. आवाजात कोणाचं कोणाला ऐकू येईना म्हणून सगळे गप्प बसून गाडी संपायची वाट बघू लागले. तेवढ्यात एका तरुण सभासदाने विचारलं, "भाऊ, गोव्यात म्हणे कोळशाच्या गाडीवरून लोक रात्रभर रुळावर बसले होते. आणि त्यात मच्छीमार पण होते. गाडीचं आणि मासळीचं काय देणंघेणं?"

मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगतो. खरं सांगायचं तर मलाही नीट माहीत नव्हतं. त्यानंतर तीन आठवडे जे हाताला लागलं ते वाचलं. वर्तमानपत्रातल्या बातम्या, हरित लवादाचे आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल. निकाल इंग्रजीत असतात आणि माझं शिक्षण बारावी, म्हणून मुलीला शेजारी बसवून एकेक परिच्छेद समजून घेतला. मी गोव्याला गेलेलो नाही, त्यामुळे डोळ्याने बघितल्यासारखं काही लिहिणार नाही. पण वाचताना एक गोष्ट अशी सापडली की ती आपल्या सोसायटीला थेट लागू आहे. म्हणून हा लेख जरा लांब झाला आहे. दोन बैठकीत वाचा, पण वाचा.

आधी कोळसा येतो कुठून आणि जातो कुठे ते बघू.

गोव्यात वास्कोजवळ मुरगाव बंदर आहे. झुआरी नदी समुद्राला मिळते त्या तोंडाशी. फार वर्षं हे बंदर लोखंडाच्या खनिजावर चालायचं. खनिज बाहेर देशी जायचं. २०१२ मध्ये गोव्यातलं खाणकाम बंद झालं आणि बंदराचा मोठा धंदा बसला. कोळसा त्याआधीपासून उतरत होता, पण आता बंदराची भिस्त त्याच्यावर आली. हा कोळसा आपल्या मिलमध्ये जळतो तसला नाही. पोलाद बनवायला लागतो तो कोकिंग कोळसा, मुख्यतः ऑस्ट्रेलियासारख्या देशांतून येणारा. तो मुरगावला उतरतो आणि रेल्वेने घाट चढून कर्नाटकात बल्लारी, तोरणगल्लूच्या बाजूला पोलाद कारखान्यांना जातो. बंदरात ५ए आणि ६ए हे धक्के जिंदल समूहाच्या कंपनीकडे आहेत, ७ नंबरचा धक्का अदानी समूहाकडे गेला, आणि पुढे आणखी धक्के वाढवायचा वेदांत कंपनीचा प्रस्ताव आला.

म्हणजे गोव्याच्या माणसाला या कोळशातून वीज नाही, पोलाद नाही. कोळसा नुसता त्याच्या दारातून जातो. धक्क्यावर आणि रेल्वेत काही लोकांना काम मिळतं हे खरं, ते नाकारायचं नाही. पण भुकटी सगळ्यांच्या वाट्याला येते.

आता थोडा हिशेब करू, म्हणजे प्रश्न किती मोठा ते कळेल. कोळशाच्या एका मालगाडीला साधारण ५८ वाघिणी असतात. एका वाघिणीत साठ-पासष्ट टन माल. म्हणजे एक गाडी साडेतीन ते चार हजार टनांची. सत्तर हजार टनांचं एक जहाज आलं तर त्याला रिकामं करायला अठरा-वीस गाड्या लागतात. दीड लाख टनांचं मोठं जहाज, ज्याला केपसाइझ म्हणतात, ते आलं तर चाळीस गाड्या. आणि भरलेली गाडी गेली की रिकामी परत येतेच. म्हणून चाळीसच्या ऐंशी झाल्या. हे एका जहाजाचं झालं.

म्हणून मोठं जहाज आणायचं म्हटलं की एकट्या बंदराचा प्रश्न राहत नाही. जहाज मोठं तर पाणी खोल पाहिजे. पाणी खोल करायचं तर तळ उपसायला पाहिजे. माल जास्त उतरला तर ठेवायला जागा पाहिजे, आणि न्यायला दुसरा रूळ पाहिजे. दुसरा रूळ टाकायचा तर कोणाचं अंगण जाणार, कोणाचं जंगल जाणार. मच्छीमार साखळीच्या एका टोकाला आहे, घाटातलं जंगल दुसऱ्या टोकाला. आपल्या तरुण मित्राच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

गोव्यात ही साखळी पहिल्यांदा पकडली ती कोणी? माझ्या मते हे सगळ्यांनी लक्षात ठेवायला पाहिजे. पकडली ती आपल्यासारख्याच एका सोसायटीने. वास्कोची ओल्ड क्रॉस कॅनो ओनर्स को-ऑपरेटिव्ह सोसायटी. नावातच आहे, होडीवाल्यांची सहकारी संस्था.

बंदराने ठरवलं होतं की जहाजांच्या वाटेची खोली साधारण साडेचौदा मीटरवरून जवळपास वीस मीटरपर्यंत न्यायची. केपसाइझ जहाजं आत यावीत म्हणून. २०१६ च्या सुरुवातीला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाकडून त्याला मंजुरी मिळाली, आणि मंजुरी देताना जनसुनावणीची गरज नाही असं धरलं गेलं. म्हणजे ज्या पाण्यावर होडीवाल्यांचं पोट, ते पाणी पाच-साडेपाच मीटर खोदायचं आणि होडीवाल्याला विचारायचंच नाही.

तळ उपसणं म्हणजे काय, हे ज्याने नदीत वाळूचे ड्रेजर बघितले आहेत त्याला सांगायला नको. बारीक गाळ पाण्यात उठतो आणि भरती-ओहोटीबरोबर लांब पसरतो. तिसऱ्या, खुबे, शिनाणे असली शिंपल्यातली मासळी जागची हलू शकत नाही. गाळ बसला की ती गुदमरते. झुआरीच्या तोंडाजवळ चिखलीच्या उपसागरात खिडकीचे शिंपले सापडतात. पूर्वी गोव्याच्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी तेच बसवायचे. त्या शिंपल्यांना कायद्याने संरक्षण आहे. शिवाय माशांची पिल्लं खाडीच्या तोंडाशी उथळ पाण्यात वाढतात, हे आपल्याला तापीच्या मुखावरूनही माहीत आहे.

ही सोसायटी पुण्याला राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. लवादाचा मुद्दा सोपा होता. कोळसा चांगला की वाईट यावर निकाल दिला नाही. लोकांना न विचारता मंजुरी दिली, ती टिकत नाही, असं म्हणून सप्टेंबर २०१६ मध्ये ती मंजुरी रद्द केली.

मी हा भाग दोनदा वाचला. एवढं मोठं बंदर, मागे केंद्र सरकार, आणि एका होडीवाल्यांच्या सोसायटीने ते काम अडवलं ते "आम्हाला विचारलं नाही" या एका वाक्यावर. मोर्चे मागाहून मोठे झाले. पहिली काडी कागदाची होती.

त्याचा परिणाम काय झाला? बंदराला जनसुनावणी घ्यावी लागली. एप्रिल-मे २०१७ मध्ये वास्कोत तीन प्रस्तावांवर सुनावण्या झाल्या: जिंदलच्या धक्क्यांची क्षमता वाढवणं, वेदांतचे धक्के, आणि तळ उपसणं. त्या कितीतरी दिवस चालल्या. लोक एकामागून एक उठून बोलले. मच्छीमार, डॉक्टर, गृहिणी, निवृत्त माणसं. कोणी गॅलरीतून पुसलेली काळी भुकटी सांगितली, कोणी लेकराचा खोकला. तोपर्यंत कोळसा हा फक्त वास्कोचा प्रश्न समजला जायचा. सुनावणीत नकाशे उघडले तेव्हा मडगावपासून कुळ्यापर्यंतच्या लोकांना कळलं की गाडी आपल्या दारातून जाणार आहे. मग दक्षिण गोव्यातल्या बऱ्याच ग्रामसभांनी कोळशाविरुद्ध ठराव केले, आणि "गोंयांत कोळसो नाका" हे आंदोलन उभं राहिलं. नद्यांचाही धसका होता. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात देशातल्या १११ जलमार्गांत गोव्याच्या सहा नद्या आल्या: मांडवी, झुआरी, कुंभारजुवे, शापोरा, म्हापसा आणि साळ. मच्छीमारांना वाटलं, आज रेल्वे, उद्या बार्ज भरून कोळसा नदीतून.

आता रुळाकडे येऊ.

मुरगावची रेल्वे फार जुनी, पोर्तुगीजांच्या काळातली. १८८८ मध्ये घाट चढून कॅसलरॉकपर्यंत चालू झाली. दूधसागर धबधब्यासमोरून जाते ती हीच. या घाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. रेल्वेसाठी हा फार कडक चढ. भरलेल्या गाडीला पुढे इंजिन पुरत नाही, मागूनही ढकलावी लागते. आणि कोळसा तर खालून वर जायचा. एकच रूळ, वर हा चढ, त्यामुळे गाड्यांची संख्या आपोआप मर्यादित होती. मग होस्पेटपासून वास्कोपर्यंत साडेतीनशे किलोमीटर मार्ग दुहेरी करायचं काम रेल विकास निगमकडे आलं.

रेल्वे म्हणत होती, हा मार्ग प्रवाशांसाठी आहे, सगळ्या मालासाठी आहे. लोक म्हणत होते, कोळशासाठी आहे. वेळसांव, कासावली, माजोर्डा या किनाऱ्यालगतच्या गावांत काही घरं रुळापासून इतकी जवळ आहेत की ओटीवरून गाडी दिसते. तिथल्या लोकांनी जमिनीच्या कागदांवरून भांडण मांडलं, ही जागा रेल्वेची की आमची. चांदर नावाच्या गावात १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री फाटकाजवळ दुसऱ्या रुळाचं काम होणार होतं. हजारो लोक संध्याकाळपासून जमले आणि पहाटेपर्यंत बसून राहिले. कोरोनाचे दिवस, तोंडाला मास्क, हातात मेणबत्त्या. गाणी म्हटली, घुमट वाजवले. नंतर पोलिसांनी गुन्हे नोंदवले. आपल्या मित्राने ऐकलेली गोष्ट ती हीच.

पण घाटातला दुसरा रूळ थांबला तो वेगळ्या वाटेने. मोलेचं अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान मध्ये येतं. तिथे रेल्वेला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने डिसेंबर २०१९ मध्ये परवानगी दिली होती. गोवा फाउंडेशन ही संस्था विरोधात गेली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय सक्षम समितीने जागेवर जाऊन पाहणी केली आणि एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं की या दुहेरी मार्गाचं समर्थन होत नाही. चढ आणि वळणं तीच राहणार, त्यामुळे वेग काही वाढणार नाही, जंगल मात्र जाईल. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती परवानगी रद्द केली. दार कायमचं बंद केलं नाही. वन्यजीवांवर काय परिणाम होईल याचा नीट अभ्यास करून परत अर्ज करता येईल असं ठेवलं.

इथे एक खुलासा करतो, कारण मागे अशा विजयाच्या बातम्या आपणच उत्साहात पुढे पाठवल्या आहेत. गोव्यात कोळसा बंद झालेला नाही. मुरगावला तो आजही उतरतो. खालच्या सपाटीवर दुहेरी मार्गाचं काम पुढे चालू राहिलं. अडवलं ते दोन जागी: पाण्यातलं खोदकाम सुनावणीशिवाय होऊ दिलं नाही, आणि घाटातला रूळ. साखळीच्या दोन कड्या पकडल्या एवढंच. पण साखळी म्हटली की एक कडी अडली तरी सगळं अडतं, हेही खरं.

आता आपल्याकडे.

काही जण म्हणतील, भाऊ, आपण तर दुहेरी लाइनसाठी कोणाकोणाला निवेदनं दिली होती. बरोबर. उधना-जळगाव लाइन एकेरी होती तेव्हा नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरला जायचं म्हणजे क्रॉसिंगला तासभर पडून राहायचं. गावाकडे मयत झाली तर अंत्यदर्शनाला पोचायचं की नाही याची खात्री नसायची. लाइन दुहेरी झाली, आपला फायदा झाला. मी तरी तिच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. त्याच लाइनवरून पूर्वेकडचा कोळसा गुजरातच्या वीजकेंद्रांना जातो, त्या विजेवर आपला बर्फ गोठतो. आणि आपल्यातल्या निम्म्या घरांत एक तरी पगार पांडेसरा, सचिनच्या मिलमधून येतो, जिथे बॉयलर कोळशावर चालतो. हजिरा, मगदल्ल्याला जहाजातून उतरलेला कोळसा ट्रकने तिकडे जातो. संध्याकाळी वारा तिकडून आला की गच्चीवर वाळत घातलेल्या बोंबलावर काळे कण बसतात, आणि ज्याच्या घरी बसतात त्याचाच मुलगा त्या बॉयलरवर कामाला. तेव्हा कोळसा म्हणजे राक्षस, असं लिहून मी मोकळा होऊ शकत नाही.

प्रश्न विचारण्याचा आहे. रूळ वाढवा, धक्का वाढवा, पण ज्याच्या पाण्यातून आणि ज्याच्या दारातून वाढवता त्याला आधी विचारा आणि झालेलं नुकसान भरा.

आपल्या जिल्ह्यातच याचं उदाहरण आहे. हजिरा मच्छीमार समिती. तिथल्या बंदराच्या वाढीला २०१३ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली होती, त्याविरुद्ध समिती पुण्याच्या लवादाकडे गेली. खारफुटी गेली आणि मच्छीमारांची पाण्याकडे जायची वाट अडली, हा मुद्दा होता. ८ जानेवारी २०१६ ला लवादाने मंजुरी रद्द केली आणि बंदर कंपनीला २५ कोटी रुपये भरायला सांगितले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. म्हणजे वर जिंकलो म्हणून नाचायचं नाही आणि स्थगिती आली म्हणून सगळं फुकट गेलं असंही नाही. लवादाने मच्छीमाराचं नुकसान हे नुकसान म्हणून मोजलं, ते कागदावर राहिलं.

मोजलं, हा शब्द पकडा.

महाराष्ट्रात उरण-पनवेलच्या बाजूला एक प्रकरण झालं. रामदास जनार्दन कोळी विरुद्ध केंद्र सरकार आणि इतर. ते कोळशाचं नव्हतं, न्हावा-शेवा बंदराच्या वाढीचं होतं. भरावामुळे भरतीचं पाणी अडलं, पारंपरिक मच्छीमारांची मासेमारी गेली. २७ फेब्रुवारी २०१५ ला पुण्याच्या लवादाने १,६३० कुटुंबांसाठी ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. जेएनपीटी, ओएनजीसी आणि सिडको यांनी मिळून द्यायची. एका कुटुंबामागे सुमारे पाच लाख चौऱ्याऐंशी हजार पडतात. आता विचार करा, १,६३० हा आकडा आला कुठून? कोणीतरी यादी केली असणार ना. कोण मासे मारतो, कुठे मारतो. यादीत नाव नाही त्याला पाच पैसे नाहीत.

समुद्रापलीकडचंही एक उदाहरण सांगतो, कारण तिथे तर कोळसा आणि मच्छीमार थेट समोरासमोर आले. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात चेरी पॉइंट नावाची जागा आहे. तिथे कोळसा परदेशी पाठवायचं मोठं टर्मिनल होणार होतं, वर्षाला चार कोटी ऐंशी लाख टन कोळशाचं. माल माँटाना, वायोमिंगच्या खाणींतून रेल्वेने शेकडो मैल येणार. वाटेतल्या गावांना फाटकं बंद राहायची आणि भुकटीची काळजी. भुकटीचं म्हणाल तर तिथल्या रेल्वेनेच कोळसा भरणाऱ्यांना नियम घातला होता की डब्यातल्या कोळशावर चिकट द्रव फवारा. लोकांच्या छातीसाठी नव्हे बरं का. उडालेली भुकटी रुळाखालच्या खडीत साचते, पाणी निचरत नाही आणि रूळ खचतो, म्हणून. खडीला जे सोसत नाही ते माणसाच्या फुप्फुसाला सोसेल असं समजायचं!

त्या टर्मिनलला शेवटी अडवलं ते लम्मी नावाच्या आदिवासी मच्छीमार समाजाने. १८५५ च्या एका तहात त्यांच्या पूर्वजांनी जमीन दिली, पण नेहमीच्या जागी मासे मारायचा हक्क राखून ठेवला होता. त्यांनी दाखवून दिलं की धक्का आणि जहाजांची ये-जा यामुळे आमच्या मासेमारीच्या जागा जातात. ९ मे २०१६ रोजी तिथल्या लष्करी अभियंता खात्याने टर्मिनलला परवानगी नाकारली. बरोबर सहा वर्षांनी त्याच तारखेला आपल्याकडे मोलेचा निकाल आला. योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नका. अर्थ यात आहे की लम्मी लोकांकडे एकशे साठ वर्षं जपलेला कागद होता, आणि कुठल्या पाण्यात कोण जाळं टाकतो हे ते दाखवू शकले.

आता आपला कागद काय आहे ते सांगतो. जुन्या सभासदांना आठवत असेल, काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडाला खाडीत मासे उताणे तरंगले होते. पाणी लालसर काळं, वास इतका की नाकाला रुमाल. आपण अकरा जण निवेदन घेऊन एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी चहा पाजला, निवेदन वाचलं, आणि विचारलं, "तुमचं रोजचं किती निघतं? मागच्या वर्षी याच महिन्यात किती निघालं होतं?" आपल्यातला एक म्हणाला वीस किलो, दुसरा म्हणाला पाच, तिसरा म्हणाला कधी निघतं कधी नाही. साहेब म्हणाले, "मी काय लिहू?" मी सेक्रेटरी, माझ्या पिशवीत सोसायटीचं हजेरी पुस्तक होतं, पावती पुस्तक होतं, पण मासळीची एक ओळ नव्हती. रिकाम्या हाताने परत आलो. तेव्हा मला त्या साहेबांचा राग आला होता. आता येत नाही, स्वतःचा येतो.

म्हणून हे शिकायचं आहे. काही नियम मी शोधून ठेवलेत, ते सोप्या शब्दांत देतो.

बंदर, वीजकेंद्र असले बरेच मोठे प्रकल्प १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत येतात आणि त्यांना जनसुनावणी लागते. सुनावणी राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेले वरिष्ठ अधिकारी. किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते. आपली खरी अडचण इथे आहे. नोटीस येते गुजराती पेपरात आणि आपण घरी मराठी वाचतो. मुलं गुजराती शाळेत शिकलीत, त्यांना सांगा, जाहिरातीचं पान बघत जा. प्रकल्पाचा थोडक्यात अहवाल स्थानिक भाषेत असावा लागतो, तो मागा. सुनावणीला कोरम लागत नाही, म्हणजे पाच माणसं आली तरी ती चालू होते आणि संपते. "कोणी आलं नाही" हेही मग इतिवृत्तात जातं. बोललेलं इतिवृत्त शेवटी तिथेच वाचून दाखवायचं असतं, व्हिडिओ करायचा असतो. जाता आलं नाही तर लेखी हरकत देता येते. सही आणि तारखेचा शिक्का घेतलेली प्रत सोसायटीत आणून द्या.

मंजुरी निघाली आणि ती चुकीची वाटली, तर लवादाकडे अपील तीस दिवसांत. कारण पटलं तर आणखी साठ दिवस मिळतात. त्यानंतर दार बंद. गुजरात, महाराष्ट्र, गोवा तिघांनाही पुण्याचंच खंडपीठ. आपल्याला लांब वाटतं, पण वास्कोचे होडीवाले तिथे गेले आणि हजिऱ्याचेही गेले.

एक लक्षात ठेवा, नुसती रेल्वे लाइन असेल तर या अधिसूचनेत ती येत नाही, तिला अशी जनसुनावणी नाही. म्हणून तर गोव्यात रुळाचा लढा जंगलाच्या परवानगीवर आणि जमिनीच्या सातबाऱ्यासारख्या कागदांवर लढावा लागला. बंदराला सुनावणी, रुळाला नाही. हा कायद्यातला खड्डा आहे असं माझं मत.

आता वहीबद्दल. सोसायटीने लांब पानांच्या वह्या आणल्या आहेत, फंडातून, सभासदांना पैसे नाहीत. रकाने असे पाडलेत: तारीख, जागा, कोणतं जाळं, कोणती मासळी, अंदाजे किलो, कितीला विकली आणि कुठे. शेवटी एक रकाना आहे "गेलो नाही, कारण". तो रिकामा सोडू नका. पाणी खराब होतं, वाट बंद होती, वास होता, जे असेल ते. न निघालेल्या मासळीची नोंद करायला आपण लाजतो, आणि नुकसान मोजायला तीच लागते. वजन फुगवू नका. एकाने पाचचे पंधरा लिहिले की सगळ्यांची वही खोटी ठरते. ज्या भगिनी फक्त विक्री करतात त्यांनीही लिहायचं, कोणाकडून घेतली, कितीला गेली. मच्छीमार म्हणजे फक्त जाळं टाकणारा नव्हे, हे यादीत आधीच आलं पाहिजे. ज्यांच्याकडे होडीची नोंदणी, मच्छीमार ओळखपत्र आहे त्यांनी झेरॉक्स आणून द्यावी. ज्यांचं ओळखपत्र गावाकडच्या पत्त्यावर आहे त्यांनी वेगळं येऊन भेटा, त्यात बरंच काम आहे.

बैठकीत हे सांगितलं तेव्हा आपले एक ज्येष्ठ आबा म्हणाले, "मला सहीपुरतंच येतं, मी कसं लिहू?" त्यांची नात सहावीत आहे. ती रोज संध्याकाळी आबांना विचारून लिहिते. पहिल्या पानावर तिने लिहिलंय: मंगळवार, मिंढोळा, फेकजाळं, बोय साडेतीन किलो, लेवटे एक किलो. त्याखाली बुधवार, गेलो नाही, कारण पाण्याला वास.

वह्या ऑफिसात आहेत, रोज संध्याकाळी सहा ते आठ. येताना ओळखपत्र घेऊन या.

आपला,
सेक्रेटरी